इंकस्केपमध्ये मराठी अक्षरं कापायला देताना

रेडियमच्या स्टिकरसाठी इंकस्केप या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये नाव टाइप केलं की पडद्यावर शिरोरेघ सलग दिसते, पण आत प्रत्येक अक्षराची रेघ वेगळी असते. फाइल तशीच दिली तर कटर अक्षरांच्या मधोमध चिरा पाडतो.

आधी मजकुराची एक प्रत बाजूला ठेवा, नंतर स्पेलिंग बदलता येणार नाही. मग ‘ऑब्जेक्ट टू पाथ’ करा (म्हणजे अक्षरांचे पाथ, नुसत्या बाह्यरेषा होतात), अनग्रुप करा, सगळं निवडून ‘युनियन’ (कंट्रोल आणि अधिक चिन्ह) द्या. इथे ‘कंबाइन’ नकोच! त्याने पाथ एक होतो, पण एकमेकांवर चढलेल्या कडा तशाच राहतात. ‘युनियन’ त्या काढून टाकतं आणि ‘ब’, ‘व’मधली पोकळी शाबूत ठेवतं. खात्रीसाठी आउटलाइन मोडमध्ये (यात रंग न दिसता फक्त कडा दिसतात) शिरोरेघ जवळून बघा. मध्ये एकही उभी रेघ दिसता कामा नये.