आयआयटी प्रवेशाची तयारी : अटी, दाखले आणि तारखा

आयआयटीची तयारी म्हटली की घरात बोलणे होते ते गुणांचे आणि रँकचे. पात्रतेच्या अटी मात्र बहुतेक घरांत निकाल लागल्यावर वाचल्या जातात, आणि तोवर काही गोष्टी सुधारायची वेळ टळून गेलेली असते. म्हणून ही तयारी बारावीचे वर्ग सुरू होतानाच हातात घ्यावी. अटी तीन ठिकाणी विखुरलेल्या असतात. काही जेईई ॲडव्हान्स्ड या आयआयटीच्या प्रवेश परीक्षेला बसण्यासाठी आहेत, काही तिथे रँक मिळण्यासाठी आणि काही जोसाच्या (आयआयटी आणि इतर केंद्रीय संस्थांचे एकत्रित जागावाटप करणाऱ्या यंत्रणेच्या) जागावाटपात मिळालेली जागा टिकवण्यासाठी. एक टप्पा पार झाला म्हणून पुढचा आपोआप पार होत नाही. दर वर्षी नवी माहितीपुस्तिका निघते आणि त्या वर्षापुरता तिचाच शब्द अंतिम असतो. क्लासने दिलेल्या गेल्या वर्षीच्या झेरॉक्सवर विसंबू नका.

आधी ज्या गोष्टी बदलता येत नाहीत त्या तपासा. वयाची अट 1 ऑक्टोबर ही तारीख धरून ठरते. 2026 च्या परीक्षेसाठी जन्म 1 ऑक्टोबर 2001 किंवा त्यानंतरचा हवा. अनुसूचित जाती, जमाती आणि दिव्यांग विद्यार्थ्यांना यात पाच वर्षांची सूट आहे. ॲडव्हान्स्ड जास्तीत जास्त दोनदा देता येते, तीही लागोपाठच्या दोन वर्षांत, आणि बारावीची परीक्षा पहिल्यांदा त्याच वर्षी किंवा आदल्या वर्षी दिलेली असावी लागते. 2024 च्या नोव्हेंबरमध्ये तीन संधी जाहीर झाल्या होत्या, पण काही दिवसांतच तो निर्णय मागे घेतला गेला. जुन्या चित्रफितींत अजून तीनचा आकडा ऐकू येतो, तो सोडून द्या. गेल्या वर्षी आयआयटीची जागा स्वीकारून प्रवेश घेतलेल्याला पुन्हा ॲडव्हान्स्ड देता येत नाही. एनआयटीत (राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थेत) शिकणाऱ्याला ही आडकाठी नाही.

ॲडव्हान्स्डच्या आधीची चाळणी म्हणजे जेईई मेन. मेनची परीक्षा जानेवारी आणि एप्रिल अशी दोनदा होते आणि दोन्हींतला चांगला स्कोअर धरतात. त्यातून वरचे अडीच लाख विद्यार्थी ॲडव्हान्स्डसाठी पात्र ठरतात. हे अडीच लाख एकाच रांगेतले नसतात. खुल्या यादीतून 1,01,250, ओबीसी-एनसीएलमधून (नॉन-क्रीमी लेयरमधले ओबीसी) 67,500, अनुसूचित जातींतून 37,500, आर्थिक दुर्बल घटकांतून (ईडब्ल्यूएस) 25,000 आणि अनुसूचित जमातींतून 18,750 अशी विभागणी असते. म्हणजे मेनच्या अर्जात कोणता प्रवर्ग भरला त्यावर तुमची रांग ठरते. पात्र ठरल्यावर ॲडव्हान्स्डचा अर्ज वेगळा भरायचा असतो. त्याची मुदत जेमतेम दहा-बारा दिवसांची आणि शुल्क वेगळे. मेन पास झालो म्हणजे नाव गेलेच असेल, असे समजून बसलेला विद्यार्थी परीक्षेआधीच बाद होतो.

आता बारावीच्या 75 टक्क्यांची अट. सर्वाधिक गोंधळ इथेच होतो. बारावीत एकूण 75 टक्के (अनुसूचित जाती, जमाती आणि दिव्यांगांसाठी 65 टक्के), किंवा आपल्या बोर्डात आपल्या प्रवर्गाच्या वरच्या 20 पर्सेंटाइलमध्ये (वरच्या 20 टक्के विद्यार्थ्यांत) नाव, या दोहोंपैकी एक हवे. हे टक्के गुणपत्रिकेवर छापलेले टक्के नसतात. हिशेब पाच विषयांचा होतो : भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित, एक भाषा, आणि उरलेल्यांपैकी सर्वाधिक गुणांचा एक विषय. भाषा दोन असतील तर जास्त गुणांची धरतात. एखादा विषय 100 ऐवजी 200 गुणांचा असेल, जसा बायफोकल या व्यावसायिक गटातला संगणकशास्त्र, तर तो 100 वर आणून मोजतात.

महाराष्ट्र बोर्डाची एक गुणपत्रिका घेऊन हे करून पाहा. इंग्रजी 58, मराठी 86, गणित 79, भौतिकशास्त्र 74, रसायनशास्त्र 70, जीवशास्त्र 68. बेरीज 600 पैकी 435, म्हणजे 72.5 टक्के. छापील आकडा पाहून हा विद्यार्थी हाय खाईल. आता पाच विषयांचा हिशेब मांडा. गणित आणि दोन्ही शास्त्रे मिळून 223. भाषेत मराठीचे 86 मिळवले की 309. उरलेल्या इंग्रजी आणि जीवशास्त्रात जीवशास्त्र वर, त्याचे 68. एकूण 500 पैकी 377, म्हणजे 75.4 टक्के. विद्यार्थी पात्र आहे, आणि त्याला तारले मराठीने. अकरावीत मराठी सोडून दुसरा विषय घ्यायचा विचार असेल तर हे गणित आधी मांडा. राज्याच्या सीईटीसाठी बारावीच्या गुणांची अट बरीच सैल आहे, त्यामुळे बोर्डाकडे दुर्लक्ष करायची सवय लागते. जोसाच्या बाबतीत ती सवय महागात पडते.

राखीव प्रवर्गातून अर्ज करणाऱ्यांनी दाखल्यांसाठी सगळ्यात जास्त वेळ राखून ठेवावा. ओबीसी-एनसीएल आणि ईडब्ल्यूएस हे दाखले प्रवेशाच्या वर्षातल्या 1 एप्रिलला किंवा त्यानंतर निघालेले लागतात. राज्याचे नॉन-क्रीमी लेयर एकाहून जास्त वर्षांसाठीही मिळते, त्यावर मुदत ठळक छापलेली असते, आणि पालक निश्चिंत होतात. जोसा ती मुदत पाहत नाही, दाखला निघाल्याची तारीख पाहते. दुसरी अडचण नमुन्याची. दाखला केंद्र शासनाच्या नमुन्यात हवा. सेतू केंद्रात नुसते ‘नॉन-क्रीमी लेयर हवे’ म्हटले की राज्याचा नमुना हातात पडतो. अर्ज भरतानाच केंद्राचा नमुना निवडला आहे ना ते स्क्रीनवर बघा आणि दाखला हाती आल्यावर सहीच्या वरची तारीख वाचा.

हे दाखले मागणाऱ्यांची रांग एप्रिल-मेमध्ये एकदम वाढते. म्हणून 1 एप्रिलला अर्ज टाकता येईल अशी फाइल मार्चमध्येच लावून ठेवा : जातीचा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला, तलाठ्याचा उत्पन्नाचा अहवाल किंवा फॉर्म 16, शिधापत्रिका, रहिवासाचा पुरावा. नॉन-क्रीमी लेयर प्रांत कार्यालयातून आणि ईडब्ल्यूएस तहसील कार्यालयातून निघते. दोन्ही कार्यालयांची कामाची गती वेगळी असते हेही हिशेबात धरा.

जात केंद्राच्या यादीत आहे का, हे राज्याच्या यादीवरून कळत नाही. राष्ट्रीय मागासवर्ग आयोगाच्या संकेतस्थळावर महाराष्ट्राची केंद्रीय यादी आहे, तिच्यात नेमके नाव शोधा. विमुक्त जाती, भटक्या जमाती आणि विशेष मागास प्रवर्ग असे वेगळे कप्पे केंद्रात नाहीत. यांतल्या ज्या जाती केंद्रीय यादीत आहेत त्यांना तिथे ओबीसी म्हणूनच अर्ज करावा लागतो. कुणबी केंद्रीय यादीत आहे. मराठा समाजासाठीचे एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिक मागास वर्ग) आरक्षण राज्यापुरते आहे, आयआयटीच्या अर्जात त्याचा रकानाच नसतो. मात्र उत्पन्न आणि मालमत्तेच्या अटीत बसणाऱ्या मराठा विद्यार्थ्याला केंद्रासाठी ईडब्ल्यूएस दाखला काढता येतो. राज्यात एसईबीसी आणि केंद्रात ईडब्ल्यूएस असे दोन कागद एकाच मुलाच्या फाइलमध्ये असू शकतात. तहसीलमध्ये ‘तुम्हाला ईडब्ल्यूएस मिळत नाही’ असे उत्तर आले, तर दाखला केंद्रीय संस्थेसाठी हवा आहे हे स्पष्ट सांगा आणि अर्जातही तसे लिहा.

आठ लाखांची मर्यादा दोन्हींकडे आहे, मोजायची रीत निराळी. ओबीसीच्या क्रीमी लेयरमध्ये पगार आणि शेतीचे उत्पन्न या आठ लाखांत धरत नाहीत, पालकांचे पद कोणत्या वर्गाचे हे स्वतंत्र तपासतात. वर्ग तीनच्या सरकारी नोकरीतल्या पालकांचा पगार वाढत जाऊन आठ लाखांवर गेला, तरी तेवढ्याने मूल क्रीमी लेयरमध्ये जात नाही. ईडब्ल्यूएसमध्ये उलट आहे : पगार, शेती, धंदा, सगळे आदल्या आर्थिक वर्षाचे उत्पन्न एकत्र मोजतात. शिवाय कुटुंबाची पाच एकर किंवा त्याहून जास्त शेती असेल, किंवा हजार चौरस फुटांचा वा मोठा फ्लॅट असेल, तर उत्पन्न कितीही कमी असो, दाखला मिळत नाही. सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर-आरमध्ये असते. पाच एकर म्हणजे सुमारे 2 हेक्टर 2 आर. दोन-तीन गावांत तुकडे असतील तर 8-अ चे उतारे काढून बेरीज करा, अंदाजाने सांगू नका.

एप्रिलनंतरचा दाखला अर्जाच्या मुदतीत हाती आला नाही, तर तूर्त हमीपत्र देऊन अर्ज भरता येतो. जोसाच्या कागदपत्र तपासणीत मात्र खरा दाखला लागतोच. तिथे तो नसला तर विद्यार्थी खुल्या यादीत ढकलला जातो, आणि त्या यादीत त्याची रँक नसेल तर जागाच राहत नाही.

ॲडव्हान्स्डचे दोन्ही पेपर एकाच दिवशी, तीन-तीन तासांचे, आणि दोन्ही देणे सक्तीचे. रँकसाठी एकूण गुणांची किमान मर्यादा आहे, तशीच प्रत्येक विषयाचीही. खुल्या यादीची एकूण मर्यादा 2024 मध्ये 360 पैकी 109 होती, 2025 मध्ये 74. आकडा पेपरच्या अवघडपणावर खालीवर होतो, पण रसायनशास्त्र साफ सोडून गणितावर रँक काढायचा बेत कोणत्याच वर्षी चालत नाही. आर्किटेक्चर हवे असेल तर निकालानंतर लगेच एएटी या आर्किटेक्चरच्या अभिक्षमता चाचणीची नोंदणी करावी लागते. ती खिडकी फार थोडा वेळ उघडी असते.

पसंतीक्रम भरण्याआधी जोसाच्या संकेतस्थळावरचे मागच्या वर्षांचे शेवटच्या फेरीचे कट-ऑफ पाहा. राखीव प्रवर्गापुढे दिसणारी रँक त्या प्रवर्गाची असते. ती खुल्या रँकशी ताडून पाहिली की सगळा अंदाज चुकतो. मुलींसाठीच्या जागांची ओळ वेगळी असते, तीही वाचा. आयआयटीत राज्याचा कोटा नाही, पण त्याच यादीत येणाऱ्या एनआयटींमध्ये निम्म्या जागा त्या राज्याच्या विद्यार्थ्यांसाठी असतात. इथे राज्य ठरते ते बारावी कुठून उत्तीर्ण झालात त्यावरून. अधिवास प्रमाणपत्राचा इथे उपयोग नाही. नागपूरचा मुलगा क्लाससाठी कोटा शहरात जाऊन राजस्थानातल्या शाळेतून बारावी झाला, तर घरासमोरच्या व्हीएनआयटीत तो परराज्यातला ठरतो आणि जयपूरच्या एनआयटीत घरचा. बाहेरगावच्या शाळेत नाव घालण्याआधी हे माहीत असलेले बरे.

जागा मिळाल्यावर तीन कामे ठरलेल्या मुदतीत उरकायची असतात : शुल्क भरणे, कागद चढवणे, आणि तपासणाऱ्याने काही विचारले तर त्याला उत्तर देणे. यातले एक राहिले तरी जागा जाते. 2024 साली आयआयटी धनबादची जागा मिळालेला एक दलित विद्यार्थी 17,500 रुपये वेळेत भरू शकला नाही, काही मिनिटांनी हुकला. सर्वोच्च न्यायालयाने अनुच्छेद 142 वापरून 30 सप्टेंबरला त्याला प्रवेश देण्याचा आदेश दिला, तेव्हा कुठे जागा मिळाली. शुल्काची रक्कम निकालाआधीच अशा खात्यात ठेवा ज्यातून ऑनलाइन पैसे जातात, आणि त्या खात्याची रोजची मर्यादा बँकेत विचारून घ्या. पैसे मुदतीच्या आदल्या दिवशी भरा. पैसे गेले पण पावती आली नाही, तर तो व्यवहार पुरा झाला असे समजू नका.

फ्रीझ (मिळालेली जागा कायम ठेवणे), स्लाइड (त्याच संस्थेत वरच्या पसंतीची शाखा मिळाली तर घेणे) आणि फ्लोट (कोणत्याही संस्थेत वरच्या पसंतीची जागा मिळाली तर घेणे) यांत निवड करताना लक्षात ठेवा : फ्लोटवर वरची जागा मिळाली की आधीची आपोआप जाते, मग दोन्हींतले निवडता येत नाही. म्हणून नको असलेली शाखा पसंतीक्रमात हातात असलेल्या जागेच्या वर टाकू नका. पुढच्या वर्षी पुन्हा ॲडव्हान्स्ड द्यायची असेल तर स्वीकारलेली आयआयटीची जागा शेवटच्या फेरीआधी रीतसर मागे द्या. नुसते न जाणे म्हणजे माघार नव्हे. आणि अर्जात दिलेला मोबाइल नंबर व ईमेल विद्यार्थ्याच्या किंवा पालकांच्या रोजच्या वापरातला असू द्या, सायबर कॅफेवाल्याचा नको. कागदांबद्दलची विचारणा पोर्टलवर येते, उत्तराला मुदत थोडी असते, म्हणून जागावाटप संपेपर्यंत सकाळ-संध्याकाळ लॉगिन करून बघत राहा.