वर्ड फाइलीतला फॉन्ट सर्व्हरवर नसला तर: या चुका टाळा

अप्पा बळवंत चौकातल्या एका प्रकाशकाच्या वर्ड फाइली आम्ही सर्व्हरवर पीडीएफ करून देतो. एकदा प्रूफ आलं तर अनुक्रमणिकेत प्रकरण पान ४७ वर आणि प्रत्यक्षात ४९ वर. एरर कुठेच नाही. लेखकाच्या विंडोजवर मंगल हा देवनागरी फॉन्ट होता, आमच्या लिनक्स सर्व्हरवर नव्हता. पीडीएफ करणाऱ्या लिब्रेऑफिसने गुपचूप दुसरा फॉन्ट लावला आणि ओळी सरकल्या.

पीडीएफ झाली म्हणजे फॉन्ट सापडला, हे धरून चालणं ही पहिली चूक. लिनक्सवर फॉन्ट शोधून देणाऱ्या 'एफसी-मॅच' या कमांडला कुठलंही नाव द्या, ती 'नाही' म्हणतच नाही. आम्ही मंगल मागितला, तिने डेजाव्हू सॅन्स पुढे केला. त्यात देवनागरीच नाही! आता आमची स्क्रिप्ट मागितलेलं आणि मिळालेलं नाव ताडून बघते, जुळलं नाही तर काम तिथेच थांबवते. कॅलिब्रीऐवजी कार्लिटो किंवा कॅम्ब्रियाऐवजी कॅलाडिया आला तर मात्र जाऊ देते. अक्षरांची रुंदी तीच असल्याने पानं हलत नाहीत.

दुसऱ्या चुकीने माझी अख्खी दुपार खाल्ली. पायथन-डॉक्स या वर्ड फाइली बदलणाऱ्या पायथन लायब्ररीतून फॉन्टचं नाव बदललं, इंग्रजी बदललं, मराठी जागचं हलेना. फाइल अनझिप करून एक्सएमएल उघडलं तेव्हा कळलं: ही लायब्ररी फॉन्टची नावं ठेवणाऱ्या 'आरफॉन्ट्स' टॅगमधल्या 'एएससीआयआय' आणि 'एच-अँसी' एवढ्याच जागा भरते. देवनागरी बघते 'सीएस' (कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट) या जागेकडे, ती आपणच भरायची. शेजारी थीममधला फॉन्ट सांगणारा 'सीएस-थीम' असेल तर तो आधी उडवा, नाहीतर वर्ड त्याचंच ऐकतं. भाषेच्या टॅगमध्ये मराठीऐवजी हिंदी राहिली असेल, तर काही फॉन्टांत ल हिंदी वळणाचा उमटतो. पुण्यात त्यावर फोन येतोच.

फॉन्टांची यादी काढताना हेडर, फूटर, तळटीपा विसरू नका. त्यांच्या एक्सएमएल फाइली वेगळ्या असतात.

कृतिदेव, शिवाजी असे जुने फॉन्ट दिसले तर बदलायच्या फंदात पडूच नका. त्या फाइलीत मराठी नसतंच, इंग्रजी अक्षरांचे कोड असतात. फॉन्ट बदलला की हाती निव्वळ गिचमिड. आधी युनिकोडमध्ये रूपांतर, मग बाकीचं.

आणि विंडोजमधला मंगल उचलून सर्व्हरवर टाकू नका, परवान्यात ते बसत नाही. डेबियन लिनक्सवर मोफत नोटो फॉन्टांचं 'फॉन्ट्स-नोटो-कोअर' पॅकेज टाका, फॉन्टांची यादी ताजी करणारी 'एफसी-कॅश' कमांड चालवा आणि मंगलच्या जागी नोटोच्या देवनागरी फॉन्टचं नाव स्वतः लिहा. पानं तरीही हलतील. अनुक्रमणिका त्यानंतरच काढा.