बीपी आला, पण शॉक गेला का?

कॅज्युअल्टीत नव्याने उभ्या राहणाऱ्या रेसिडेंटांसाठी लिहितोय, अपघातात रक्त गेलेल्या पेशंटच्या शॉकबद्दल, म्हणजे अवयवांना पुरेसं रक्त न पोचण्याबद्दल. दोन जाड आयव्ही, फास्ट (आत साचलेलं रक्त शोधणारी झटपट सोनोग्राफी), ट्रानेक्झॅमिक ॲसिड (रक्तस्राव कमी करणारं औषध) पहिल्या 3 तासांत, हे तुम्हाला येतंच. अडतं ते पुढे: आता रक्त-सलाईन पुरे झालं, हे ठरवायचं कशावरून?

मॉनिटरवर 118/76 दिसलं की सगळ्यांचे खांदे सैल पडतात. माझेही पडायचे. तिथे फसू नका. तरुण पेशंटच्या रक्तवाहिन्या इतक्या आवळतात की 15 ते 30 टक्के रक्त गेलं तरी सिस्टॉलिक (बीपीचा वरचा आकडा) बहुधा टिकून राहतो. टिकतो तो आतड्यांच्या आणि कातडीच्या वाट्याचं रक्त कापून. बीटा ब्लॉकर (नाडी मंद ठेवणारं औषध) चालू असलेल्या वयस्कर पेशंटची नाडीसुद्धा धावत नाही. लघवी तासाला किलोमागे 0.5 मिली येतेय? छान, पण मॅनिटॉल दिलंय का, साखर वाढलीय का, दारू प्यायलाय का, ते आधी बघा; या तिन्हींनी शॉकमध्येही लघवी वाढते.

गुडघ्यावर तळहात ठेवा. गार, चट्टे पडलेला गुडघा आणि नॉर्मल बीपी एकत्र दिसले, तर मी गुडघ्याचं ऐकतो. मग एबीजी (धमनीतल्या रक्ताची तपासणी). लॅक्टेट (पेशींना ऑक्सिजन कमी पडला की रक्तात वाढतो) 2 च्या खाली यायला हवा, पण एका रिपोर्टवर काही ठरत नाही. उतरतोय की नाही ते महत्त्वाचं. उतरत नसेल तर रक्तस्राव शोधा: छाती, पोट, पेल्व्हिस, मांडी. रक्तस्राव थांबायच्या आधी मात्र बीपी नॉर्मलला आणायची घाई नको. डोक्याला मार नसेल तर 80-90 सिस्टॉलिक तात्पुरता चालतो.

विरुद्ध टोकाची चूक, म्हणजे गरज नसताना ओतत राहणं, तितकीच घातक. लॅक्टेट 1.6 आणि बेस डेफिसिट (रक्तातल्या आम्लतेचं माप) 8 आला, तर क्लोराइड बघा. बऱ्याचदा आम्लतेचं कारण आपणच ओतलेलं, क्लोराइड जास्त असलेलं नॉर्मल सलाईन असतं, आणि त्यावर उपाय म्हणून आणखी सलाईन चढवलं जातं! पोट ताठ होतंय, व्हेंटिलेटरचं प्रेशर चढतंय, लघवी कमी होतेय, तर हात आवरा.

खिशातल्या कार्डावरच्या कट-ऑफवर माझा फारसा विश्वास नाही. "मागचा लॅक्टेट किती होता?" असं विचारणारा सीनियर मिळाला तर त्याला सोडू नका. सुरुवातीला हे कोणालाच जमत नाही, रात्री फोन करून विचारा, बिनधास्त.

आणि हँडओव्हरमध्ये नुसतं 'स्टेबल' लिहू नका. शेवटचा लॅक्टेट, त्याची वेळ, किती रक्त चढवलं, पुढचा एबीजी कधी, एवढं लिहा.