मॉरिस मायनर घेऊ का हेरल्ड? आधी गाडीखाली शिरा

मायनर काय नि हेरल्ड काय, जुनी इंग्लिश गाडी घेताना इंजिनचा आवाज ऐकून सौदा करू नका भो. इंजिन काय, पिस्टन-रिंगा टाकून कुठलाही जुना मिस्त्री उभं करून देतो, पत्रा सडला की मात्र खिसा रिकामा.

मायनर बाजारात आली १९४८ ला, ट्रायम्फची हेरल्ड १९५९ ला, आणि हेरल्ड तर १९६१ पासून मद्रासला स्टँडर्ड कंपनीवाले बनवायचे, म्हणून आपल्याकडे तीच जास्त सापडते. मायनरला वेगळी चेसिस नाही, बॉडीच सगळं वजन पेलते, त्यामुळे दरवाज्यांखालचा पत्रा आणि मागचे पाटे जिथे अडकवलेत ती जागा स्क्रूड्रायव्हरने टोचून बघा. घुसला तर निघा तिथून. वरून लोहचुंबक फिरवा, जिथे धरत नाही तिथे पुट्टी. हेरल्डची बॉडी चेसिसवर बोल्टांनी बसवलेली, तुकड्यातुकड्याने काढून वेल्डिंग होतं, पण चेसिसच्या बाजूला निघालेले हात गंजतात ते पण टोचाच. बाकी हेरल्डचं बॉनेटसकट अख्खं तोंड पुढे उलटतं, टायरवर बसून आरामात इंजिनचं काम करा, मे महिन्यात भुसावळच्या उन्हात हे लय मोठं सुख आहे.

आता खरी गंमत. दोन्हींच्या पुढच्या चाकाला खाली ट्रनियन असतो, म्हणजे चाकाची उभी दांडी ज्यात आट्यांनी बसते तो सांधा, तो तुटला की चाक आडवं. मायनरच्या ट्रनियनला ग्रीस लागतं आणि हेरल्डच्याला ९० नंबरचं गियर ऑइल. आपले मिस्त्री सवयीने दोन्हीकडे ग्रीस गन लावतात, हेरल्डमध्ये ते खालच्या आट्यांपर्यंत पोचतच नाही, आतून गंज चढतो. मालकाला सरळ विचारा काय भरता म्हणून, उत्तर ग्रीस आलं तर भाव पाडा. मग जॅक लावून चाक वर-खाली धरून हलवा, खडखडलं तर ट्रनियन नाहीतर बेअरिंग बघायला लावा.

हेरल्ड फक्त २५ फुटांत वळते, बाजारपेठेत भारी वाटतं. पण कन्नड घाटात वळणावर वेगात असताना एकदम अॅक्सिलेटर सोडला तर मागची चाकं आत वाकतात आणि मागचा भाग सटकतो, त्यामुळे वेग वळणाआधीच कमी करा. मायनर याबाबतीत सरळ गाय आहे. मला विचाराल तर चालवायला मायनर, सांभाळायला हेरल्ड.

आरसी बुक आणि चेसिस नंबर जुळवूनच पैसे द्या. ५० वर्षांवरची गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवायची तर फी २० हजार आहे, आणि मग ती रोज बाजारात नेता येत नाही हे घरच्यांना आधीच सांगून ठेवा.