स्वरतंतूंचा कर्करोग सुरुवातीचा असला तरी तो किती खोल गेलाय ते विचारा : या चुका टाळा

‘टी१ (कर्करोगाचा सुरुवातीचा टप्पा) आहे, म्हणजे वरवरचाच’ हा समज आधी सोडा. गाठ स्वरतंतूवर कुठवर पसरली आणि तंतू नीट हलतो का, यावरून टी१ ठरतो. खोली त्यात मोजलीच जात नाही. वर अस्तर, खाली मऊ थर, मग स्वरबंध (चिवट पट्टा) आणि त्याच्या आत स्नायू अशी तंतूची रचना असते. दोन रुग्णांच्या कागदावर टी१च असतो, पण एकाची गाठ अस्तरातच थांबलेली असते आणि दुसऱ्याची स्नायूत शिरलेली. किती भाग कापावा लागेल आणि नंतर आवाज कसा राहील, हे बरंचसं याच फरकावर ठरतं.

तंतू हलतोय म्हणून गाठ स्नायूत गेलेली नाही असंही धरू नका. शिरकाव थोडा असेल तर हालचालीत काहीच जाणवत नाही. स्ट्रोबोस्कोपीत (लुकलुकत्या प्रकाशात तंतूंची थरथर पाहण्याच्या तपासणीत) अस्तराची लाट थांबलेली दिसली, तर तेवढ्यावरून स्नायूचं निदान करणंही तितकंच चूक. सूज किंवा जुन्या बायोप्सीचा व्रण असला तरी लाट थांबते.

सर्वांत जास्त गोंधळ बायोप्सीच्या अहवालाने होतो. चिमट्याने घेतलेल्या इवल्याशा तुकड्यात बहुतेकदा स्नायू आलेलाच नसतो. मग ‘स्नायूत शिरकाव दिसत नाही’ या वाक्याला अर्थ काय? तुकड्यात स्नायू होता का, हे डॉक्टरांना स्पष्ट विचारा. खरी खोली बहुधा पूर्ण गाठ काढून तपासल्यावरच कळते. म्हणूनच लेझर शस्त्रक्रियेचे प्रकार खोलीनुसार पाडले आहेत : पहिल्यात फक्त अस्तर निघतं, दुसऱ्यात स्वरबंधही, तिसऱ्यात स्नायूचा काही भाग, चौथ्यात पूर्ण तंतू.

स्कॅन करायचा असेल तर शक्यतो बायोप्सीआधी करा, नंतरची सूज गाठीसारखी भासू शकते. लहान गाठ सीटीत दिसतही नाही. दोन्ही तंतू पुढे जिथे जुळतात तिथे गाठ असेल, तर मात्र स्कॅन टाळू नका, कारण तिथून स्वरयंत्राची कूर्चा (मऊ हाड) अगदी जवळ असते.

स्नायूत शिरकाव निघाला म्हणजे स्वरयंत्रच काढावं लागणार, असं घाबरून ठरवू नका. लेझर आणि रेडिएशन, दोन्हींबद्दल विचारा. तंबाखू आणि धूम्रपान मात्र उपचार सुरू होण्याआधीच बंद करा. रेडिएशन चालू असताना धूम्रपान केलं तर उपचाराचा परिणाम घटतो.