लेकीकडे जर्मनीला निघताना: सुकट घ्या, तूप घरीच ठेवा

बॅग भरायला काढण्याआधी लेकीने पाठवलेली यादी हातात घ्या आणि त्यातलं मटण आणि दूधदुभतं आधी खोडा. भारतातून युरोपीय संघात प्रवाशाला हे दोन्ही नेता येत नाही. थोडं असो, घरचं असो, व्हॅक्यूम पॅक केलेलं असो. मटणाचं लोणचं, सुका खिमा, गोव्याचं चोरीस, खवा, पनीर आणि बाळंतिणीसाठी कढवलेलं साजूक तूपसुद्धा इथेच ठेवायचं. तुपाचं फार वाईट वाटतं, पण त्यामागे लाळ्या खुरकूत हा गुरांचा साथीचा रोग आहे. त्याचा विषाणू मांसात, दुधात टिकून राहतो. जर्मनीत १९८८ नंतर हा रोग नव्हता. जानेवारी २०२५ मध्ये बर्लिनजवळ म्हशींच्या एका कळपात निघाला आणि उरलेल्या म्हशी मारून टाकाव्या लागल्या.

मासळीला मात्र माणशी २० किलोपर्यंत मुभा आहे, आणि सुकी चालते. म्हणून सुकट, सोडे, बोंबील मनापासून घ्या. आधी पुन्हा एकदा कडक ऊन दाखवा, मऊ राहिली तर प्रवासात वास सुटतो. बांगडा पोट साफ केलेलाच हवा. प्रत्येक जिन्नस वेगळ्या पिशवीत, त्यावर दुसरी पिशवी, मग घट्ट झाकणाचा डबा. वर इंग्रजीत नाव आणि वजन लिहिलेली चिठ्ठी. अधिकाऱ्याला झाकण काढताच कळलं पाहिजे.

दुधात बाळाची दूध पावडर तेवढी चालते, कंपनीच्या बंद पाकिटात, फ्रिज न लागणारी, २ किलोपर्यंत. मधही तेवढाच. नारळ चालतो, ताजा कढीपत्ता प्रमाणपत्राशिवाय नाही, तो राहू द्या. वाटेत दुबईला घेतलेलं चीज किंवा विमानातलं उरलेलं चिकन सँडविचही पर्समध्ये नको.

उतरल्यावर शंका असेल तर कस्टमच्या लाल वाटेने जा आणि स्वतःहून दाखवा. दाखवलेला डबा फार तर जप्त होतो. न सांगता सापडला तर दंडाची वेळ येऊ शकते.

आणि बॅगेला कुलूप लावण्याआधी इतरांनी दिलेले डबे उघडून बघा. माझ्या जावेने प्रेमाने सरकवलेली सुक्या मटणाची बरणी मला तिकडच्या तपासणीच्या टेबलावरच पहिल्यांदा दिसली, आणि तिथूनच ती कचऱ्यात गेली.