पुरात नळ बंद पडला, तर प्यायचं पाणी कसं तयार करावं

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात उपसा केंद्रं बुडाली आणि कोल्हापूर शहराचे नळ कोरडे पडले. सांगलीत त्याच दिवसांत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली होती. तिथली धोक्याची पातळी ४५ फूट. अशा वेळी टँकर येतो, बाटल्याही वाटल्या जातात, पण त्या आपल्या गल्लीत कधी पोहोचतील याचा भरवसा नसतो. तोवर पातेलं, तुरटी, जुनी सुती साडी आणि थोडी ब्लिचिंग पावडर एवढ्यावर भागवता येतं. क्रम मात्र चुकवू नका: आधी पाणी निवळायचं, मग त्यातले जंतू मारायचे.

पाणी कुठलं घ्यावं

पुराचं पाणी अगदी शेवटी. वर पाऊस कोसळतच असतो, तो धरा. गच्चीत स्वच्छ प्लास्टिकचा कागद बांधून खाली पिंप ठेवा. पत्र्यावरून पाणी घेणार असाल तर सुरुवातीचं वाहून जाऊ द्या. पुराचं पाणी न शिरलेली गच्चीवरची टाकी किंवा बोअरही चालेल. हे पाणीसुद्धा जंतू मारूनच प्यायचं.

पाण्यावर तेलाचा तवंग असेल, डिझेलचा किंवा फवारणीच्या औषधाचा वास येत असेल, तर ते सोडून द्या. ऊसपट्ट्यात खत-औषधांच्या गोदामांत पाणी शिरतं, त्यामुळे ही भीती खरी आहे. रसायन उकळून जात नाही आणि क्लोरीननेही जात नाही.

निवळणं आणि गाळणं

गढूळ पाण्यात तुरटीचा खडा धरून काही वेळा गोल फिरवा. गाळाचे पुंजके दिसू लागले की थांबा आणि भांडं तासभर तरी हलवू नका. मग वरचं पाणी अलगद काढून चार-आठ पदरी साडीतून गाळा. नवी नको, वापरून मऊ झालेली साडी घ्या; तिचे धागे पिंजलेले असतात, म्हणून छिद्रं बारीक होतात. बांगलादेशातल्या मतलब नावाच्या भागात हे तपासून पाहिलं गेलं. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात नुसत्या साडीच्या गाळणीने पटकीचं (कॉलऱ्याचं) प्रमाण जवळपास निम्म्यावर आलं होतं, कारण पटकीचे जंतू पाण्यातल्या सूक्ष्म प्राण्यांना चिकटून राहतात आणि ते प्राणी कापडात अडकतात.

पण निम्मं म्हणजे पूर्ण नव्हे. तुरटीने पाणी नितळ दिसतं आणि इथेच माणसं फसतात. तुरटी गाळ बसवते, जंतूंची हमी देत नाही.

उकळणं

गॅस असेल तर हाच सर्वांत खात्रीचा उपाय. मोठे बुडबुडे फुटून पाणी खळखळू लागलं की १ मिनिट पुरे. २००० मीटरपेक्षा उंचावर ३ मिनिटं लागतात, पण आपलं कळसूबाईच १६४६ मीटर, तेव्हा महाराष्ट्रात तो प्रश्न येत नाही. ‘वीस मिनिटं उकळा’ म्हणणारे पुष्कळ भेटतील. पुढचा सिलिंडर कधी मिळेल ठाऊक नसताना ते मनावर घेऊ नका. पिण्यासाठी आणि स्वयंपाकासाठी माणशी साधारण ३ लिटर धरा.

क्लोरीन

गॅस नसेल तर ब्लिचिंग पावडर, जिला ग्रामपंचायतीत टीसीएल म्हणतात. ताज्या पावडरीत सुमारे ३३ टक्के क्लोरीन असतं. पिशवी उघडी राहिली की ते उडत जातं. वासच न येणारी पावडर घेऊ नका.

३० ग्रॅम पावडर काट्यावर मोजून घ्या. प्लास्टिकच्या भांड्यात थोड्या पाण्यात कालवा, मग १ लिटर होईपर्यंत पाणी घाला. चुना तळाला बसला की वरचं स्वच्छ द्रावण गडद रंगाच्या बाटलीत ओता आणि बाटलीवर नाव लिहा. कोल्ड्रिंकची बाटली मुळीच वापरू नका. मुलं तोंडाला लावतात. संडास साफ करायचं ॲसिड या पावडरीजवळही आणू नका, विषारी वायू होतो.

निवळलेल्या २० लिटर पाण्याला या द्रावणाचा चहाचा १ चमचा, म्हणजे ५ मिली. पाणी अजून गढूळसर असेल तर २ चमचे. ढवळा, झाका, ३० मिनिटं थांबा. क्लोरीनचा हलका वास आला पाहिजे. नाही आला तर तेवढंच द्रावण पुन्हा घालून आणखी ३० मिनिटं थांबा. आरोग्य सेविकेकडून मेडिक्लोर (क्लोरीनचं तयार द्रावण) किंवा क्लोरीनच्या गोळ्या मिळाल्या तर वेष्टनावरचं प्रमाण पाळा. एक गोळी किती लिटरला, हे प्रत्येक कंपनीचं वेगळं असतं.

क्लोरीनला न जुमानणारे काही परजीवी असतात. म्हणून तान्ह्या बाळाचं दूध आणि केमो चालू असलेल्या रुग्णाचं पाणी शक्यतो उकळलेलंच ठेवा.

पाण्याची बाटली ६ तास उन्हात ठेवून जंतू मारण्याची पद्धत खरी आहे, पण ऑगस्टच्या पावसात ती कोल्हापुरात काय कामाची!

साठवण

तोटीच्या भांड्यात ठेवा, नाहीतर लांब दांड्याच्या ओगराळ्यानेच काढा. तयार पाण्यात हात बुडाला की मेहनत वाया. उकळलेलं पाणी २४ तासांत संपवा. दात घासायला आणि कोशिंबिरीच्या भाज्या धुवायलाही हेच पाणी.

पूर ओसरल्यावर विहीर

आधी उपसा करून गाळ काढा. नवं पाणी भरल्यावर व्यास × व्यास × पाण्याची खोली (मीटरमध्ये) × ७८५ केलं की लिटर मिळतात. नेहमीचं प्रमाण १००० लिटरला २.५ ग्रॅम ताजी पावडर. ३ मीटर व्यास आणि ४ मीटर पाणी असेल तर सुमारे २८ हजार लिटर, म्हणजे ७० ग्रॅम. पुरानंतर जास्त लागू शकते. बादलीत कालवून, चुना खाली बसवून, वरचंच द्रावण रात्री विहिरीत सोडा. सकाळी ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाकडून ओटी टेस्ट, म्हणजे पाण्यात क्लोरीन उरलं आहे का याची चाचणी, करून घ्या. क्लोरीन दिसेपर्यंत ते पाणी उकळूनच प्या.